आरोग्यचिंतन : मेंदूच्या इंधनाचा जमाखर्च

समजा, बावड्याच्या बाजारपेठेत भुसार मालाचे एक जुने दुकान आहे. गादीवर बसणाऱ्या गृहस्थांचे वय पन्नाशीच्या आसपास. गेली तीस वर्षे रोजकीर्द त्यांच्याच हातची आणि धनादेशांवर सहीही त्यांचीच. एके दिवशी बँकेतून धनादेश परत येतो. कारकून अदबीने सांगतो, "शेठजी, सही जुळत नाही." घरात थोडी थट्टा होते आणि विषय तेथेच संपतो. काही आठवड्यांनी पुड्याला सुतळीची गाठ मारताना अंगठा साथ देत नाही. शर्टाचे वरचे बटण पत्नीला लावून द्यावे लागते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा हळूहळू बसत जातो, दंडावरची कातडी मधूनच आपोआप फुरफुरते. दुखत मात्र काहीच नाही, म्हणून डॉक्टरकडे जाण्याची घाई कोणी करत नाही. उसाचे बिल जमा झाल्यावर उधारी फेडायला येणारी गिऱ्हाइके, पुढचा हंगाम आणि धाकट्या मुलीचे लग्न यांत सहा महिने निघून जातात.

हे दुकान आणि हे गृहस्थ कल्पनेतले आहेत. अशा खुणांनी सुरू होणारा आजार मात्र खरा आहे आणि तो कोणत्याही गावात, कोणत्याही घरात येऊ शकतो. वैद्यकात त्याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचे नाव एएलएस. हात, पाय, जीभ, घसा आणि छाती यांच्या स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या प्रेरक चेतापेशी या आजारात एकेक करून निकामी होतात. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील ज्याँ-मार्तां शार्को यांनी १८६९ साली या आजाराचे नेमके वर्णन केले. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना तो १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी जडला आणि ते २०१८ पर्यंत जगले. एवढे दीर्घ आयुष्य हा अपवाद होय. पाश्चात्त्य देशांत बहुतेक रुग्णांच्या वाट्याला लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षे येतात, आणि साधारण दहांतील एक रुग्ण दहा वर्षांच्या पुढे जातो.

आपल्या देशातील अनुभव काहीसा वेगळा आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांनी तीन दशकांतील ११५३ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय सुमारे ४६ वर्षे आढळले, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा जवळपास दहा वर्षे अलीकडे. आजाराची गतीही तुलनेने मंद दिसली. व्यापारी घराच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. ज्या वयात मनुष्य दुकानाचा कर्ता असतो, मुले अजून शिकत असतात आणि आईवडील अजून हयात असतात, नेमके तेच हे वय.

दुरून दिसणारा धूर

शार्कोंच्या काळी या आजाराने मेंदूत काय केले हे रुग्णाच्या मृत्यूनंतरच पाहता येत असे. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची सोय गेल्या पन्नास वर्षांतली आहे. इंदापूर तालुक्यातील रहिवाशाला ती समजावून सांगण्यास फारसे सायास पडू नयेत. साखर कारखान्याच्या आत न जाताही, चिमणीतून निघणारा धूर पाहून गाळप चालू आहे की बंद, हे गावाला दुरूनच कळते. मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये साधारण असेच घडते. कोणत्या भागात इंधन किती जळते आहे, ते बाहेरून दिसते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो. दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. पेट स्कॅनसाठी ग्लुकोजच्या रेणूत किंचित बदल करून त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडतात. चेतापेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते आणि त्यावर पहिली प्रक्रियाही करते. पुढची पायरी मात्र या बदललेल्या रेणूला चढता येत नाही, त्यामुळे तो पेशीतच अडकून राहतो. जी पेशी जास्त इंधन मागते तिच्यात असे रेणू अधिक साठतात. त्यांतून निघणारे किरण यंत्राच्या कड्यात टिपले जातात आणि संगणक त्यांचे रंगीत चित्र करतो.

हा पदार्थ अत्यंत नाशवंत. दर ११० मिनिटांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. पहाटे सहाला तयार झालेल्या मालाचा सकाळी पावणेदहापर्यंत चौथा हिस्साच उरतो. १९७६ साली अमेरिकेत पहिल्यांदा माणसावर हा प्रयोग झाला, तेव्हा न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बनवलेला पदार्थ विमानाने फिलाडेल्फियाला न्यावा लागला होता. भारतात ही सोय प्रथम मुंबईत झाली. भाभा अणु संशोधन केंद्राने १९६३ साली परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केले होते. त्याच केंद्रात २००२ साली देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिले पेट यंत्र कार्यान्वित झाले. आज पुण्यातही पेट स्कॅन होतात. त्यांचा मुख्य उपयोग कर्करोगासाठी असला, तरी मेंदूच्या काही आजारांतही ते करण्यात येतात.

चित्राने काय दाखवले

मोटर न्यूरॉन डिसीजच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर घटतो, असे १९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉक्टरांनी दाखवले. पुढे इटलीतील ट्युरिन आणि बेल्जियममधील ल्युव्हेन येथील केंद्रांनी अधिक मोठ्या संख्येने रुग्ण तपासले. ट्युरिनच्या २०१४ सालच्या एका अभ्यासात १९५ रुग्ण होते. या सर्व कामातून एक ठराविक आकृती पुढे आली. हालचालींची आज्ञा जेथून निघते तो मेंदूचा पट्टा आणि कपाळामागचा भाग यांत इंधनाचा वापर कमी झालेला दिसतो. याउलट मेंदूच्या तळाशी असलेला मस्तिष्कस्तंभ आणि त्यालगतचे काही भाग नेहमीपेक्षा अधिक इंधन वापरताना दिसतात.

आजारी मेंदूचा काही भाग अधिक काम करतो की काय, असे येथे वाटण्याचा संभव आहे. पण चिमणीतून निघणारा जास्त धूर नेहमीच जास्त गाळपाचा नसतो, कधी तो आग लागल्याचाही असतो. मरत चाललेल्या चेतापेशींभोवती मेंदूतील रक्षक पेशी गोळा होतात, तेथे दाह निर्माण होतो आणि त्या पेशीही ग्लुकोज वापरतात. वाढलेल्या इंधनवापरामागे हेच कारण असावे, असे बहुतेक संशोधकांचे अनुमान आहे.

बेल्जियममधील अभ्यासाने आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात इंधनाचा वापर विस्तृत प्रमाणात घटला होता, त्या रुग्णांचे आयुष्य तुलनेने कमी ठरले. मोटर न्यूरॉन डिसीज हा केवळ स्नायूंचा आजार, अशी वैद्यकाची दीर्घकाळची समजूत होती. या चित्रांनी ती बदलण्यास मोठा हातभार लावला. विचार, निर्णय आणि स्वभाव जेथे वसतात त्या भागापर्यंतही हा आजार पोहोचू शकतो, हे डोळ्यांना दिसू लागले.

निदानाचा क्रम

एवढे वाचून कोणी लगेच पेट स्कॅनसाठी नाव नोंदवू नये. या आजाराचे निदान आजही मेंदूविकारतज्ज्ञाच्या हातांनी, म्हणजे प्रत्यक्ष तपासणीनेच होते. त्याला ईएमजी आणि नसांच्या वहनाची तपासणी यांची जोड असते. एमआरआय करतात तो बहुधा मोटर न्यूरॉन डिसीज शोधण्यासाठी नसतो, दुसरे काही आहे का हे पाहण्यासाठी असतो. मानेच्या मणक्यांतील झीज मेरुरज्जूवर दाब देत असेल, तर हात बारीक होणे आणि पाय ताठरणे ही लक्षणे तशीच दिसतात, आणि त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय असतो. केवळ प्रेरक नसांना ग्रासणारा एक दाहक विकारही असाच भासतो, तोही औषधाने आटोक्यात येतो.

शाकाहारी घरांनी आणखी एका तपासणीचा आग्रह धरावा. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. तिच्यामुळेही मेरुरज्जूला इजा होते आणि चालणे बिघडते. त्यात मुंग्या येणे, तळपायांची जाणीव कमी होणे अशी लक्षणे अधिक असतात. वेळीच इंजेक्शने सुरू केल्यास झालेले नुकसान पुष्कळसे भरून निघू शकते. ही रक्ततपासणी साधी आहे, जवळच्या गावातही ती होते. मोठ्या शहरातील महागड्या चित्रणाच्या आधी ती झालेली असावी.

विशीच्या आसपासच्या मुलाचा एकच हात बारीक होऊ लागला, तर घरच्यांनी धीर सोडू नये. जपानचे केइझो हिरायामा यांनी १९५९ साली आणि बंगळूरच्या डॉ. गौरीदेवी यांनी १९८४ साली वर्णन केलेला एक वेगळा विकार तरुण मुलांत आढळतो. तो काही वर्षे वाढतो आणि पुढे थांबतो. मान पुढे वाकवून केलेल्या एमआरआयमध्ये त्याच्या खुणा मिळू शकतात. याशिवाय चेन्नईच्या डॉक्टरांनी १९७० साली नोंदवलेला, मद्रास हेच नाव मिळालेला एक प्रकार आहे. त्यात चेहरा आणि जीभ दुबळी होते, ऐकू येणेही कमी होते, पण आजार फार सावकाश वाढतो. म्हणून नेमके नाव कळेपर्यंत आयुष्याचे हिशेब मांडू नयेत.

निदान अडलेले असेल, किंवा स्मरण आणि वर्तन यांत बदल दिसत असेल, तर तज्ज्ञ पेट स्कॅन सुचवू शकतात. त्यासाठी काही तास उपाशी राहावे लागते. मधुमेह असल्यास ते आधी सांगावे, कारण रक्तातील साखर जास्त असली तर चित्र धूसर येते. ज्या रुग्णाला उताणे झोपल्यावर धाप लागते, त्याने ही गोष्ट यंत्रावर जाण्यापूर्वीच कर्मचाऱ्यांच्या कानी घालावी. तपासणीनंतर काही तास लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना रुग्णाच्या अगदी निकट बसवू नये.

स्वभाव बदलतो तेव्हा

या चित्रांचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित दवाखान्यापेक्षा घरात आहे. एएलएसच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत विचारशक्तीत किंवा वागण्यात थोडाफार बदल आढळतो, आणि दहा ते पंधरा टक्क्यांत तो स्मृतिभ्रंशाच्या पातळीवर जातो. हा स्मृतिभ्रंश नेहमीच्या विसराळूपणासारखा नसतो. माणूस हट्टी होतो, दुसऱ्याच्या दुःखाविषयी उदासीन होतो, पैशाचे निर्णय तडकाफडकी घेतो किंवा कशातच रस घेत नाही. काही रुग्णांना प्रसंग नसता रडू कोसळते, नाहीतर हसू आवरत नाही.

एकत्र कुटुंबात याचा अर्थ सहसा वेगळाच लावला जातो. भाऊ म्हणतो, दादा आजारपणाचा फायदा घेतात. सून म्हणते, मामंजी मुद्दाम लागट बोलतात. भागीदाराला वाटते, यांची नियत फिरली. वर्षानुवर्षांच्या पेढीत अशा गैरसमजाने फूट पडू शकते. कपाळामागच्या भागात इंधनाचा वापर घटलेला ज्यांनी चित्रात पाहिला, त्यांना उमगले की हा राग माणसाचा नसून आजाराचा आहे. प्रत्येक घराने ते चित्र काढण्याची आवश्यकता नाही. अशी चित्रे असतात आणि ती काय सांगतात, एवढे ठाऊक असले तरी पुरेसे आहे. घरातल्यांना क्षमा करणे त्याने सोपे होते.

त्याबरोबर व्यवहाराची काळजीही वेळेवर घ्यावी. हात चालतो, वाणी स्पष्ट आहे आणि निर्णयशक्ती शाबूत आहे तोपर्यंत मृत्युपत्र, भागीदारीचे कागद, बँकेतील वारसनोंद आणि खाते चालवण्याचा अधिकार ही कामे वकिलांच्या सल्ल्याने पूर्ण करावीत. सही न जमल्यास अंगठ्याचा ठसा चालतो. समोर बसून, रुग्णाला विचारून केलेली ही व्यवस्था त्याचा मान राखते. त्याच्या पाठीमागे केलेली व्यवस्था तोच मान हिरावून घेते. या आजारात डोळे, कान आणि स्पर्शाची जाणीव बहुधा शाबूत राहते. जो बोलू शकत नाही त्यालाही शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येत असते, याचा विसर पडू देऊ नये. आवाज चांगला आहे तोवर नातवंडांची नावे, रोजची वाक्ये आणि नित्याची प्रार्थना मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी. पुढे तीच साठवण त्याच्या आणि घरच्यांच्या उपयोगी पडते.

शरीराचे भांडवल

इंधनाचा हा प्रश्न मेंदूपुरता मर्यादित नाही. स्नायू आटत असल्याने रुग्णाची अन्नाची गरज कमी होत असेल, असा सामान्य तर्क. मोजमाप केल्यावर उलटेच आढळले. या आजाराच्या पुष्कळ रुग्णांचे शरीर स्वस्थ पडून असतानाही अपेक्षेपेक्षा अधिक ऊर्जा खर्च करते. दुसरीकडे गिळणे कठीण झाल्याने जमा घटत जाते. खर्च वाढलेला आणि जमा आटलेली असली, की पेढीचे भांडवल मोडावे लागते. शरीराचेही तेच होते. झपाट्याने वजन उतरलेल्या रुग्णांचा आजार लवकर बळावतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुनःपुन्हा दिसून आले आहे.

जर्मनीत २०१ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचाराबरोबर रोज ४०५ कॅलरी केवळ स्निग्ध पदार्थांतून अधिक दिल्या गेल्या. ४०५ कॅलरी म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम तूप. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. ज्यांचा आजार वेगाने वाढत होता त्या गटात मात्र लाभाची चिन्हे दिसली. तात्पर्य एवढेच, की तूप हे औषध नव्हे. पण वजन टिकवणे हे रुग्णाच्या आणि घराच्या हाती असलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात त्याची सामग्री हजर आहे.

मऊ मुगाची खिचडी तुपासह, घट्ट वरण, दुधी भोपळ्याची दाट भाजी, साय न काढलेले दही, कुस्करलेले केळे, बदामाची पूड घातलेली दुधातली लापशी, हे सारे पदार्थ गिळायला सोपे आणि ताकद देणारे आहेत. या रुग्णाला पातळ पाणी दाट पदार्थापेक्षा अधिक त्रास देते. ते चटकन श्वासनलिकेकडे जाते आणि ठसका लागतो. म्हणून पेय दाट करून, ताठ बसवून, छोट्या घोटांनी द्यावे. हनुवटी किंचित खाली घेतल्याने अनेकांना गिळणे सोपे जाते. नेमकी पद्धत मात्र गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून समजून घ्यावी. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे बरी. महिन्यातून दोनदा वजन करून ते वहीत लिहावे. दुकानाची रोजकीर्द ज्या घरात एक दिवसही चुकत नाही, त्या घराला ही नोंद जड जाऊ नये.

येथे आपल्या घरांपुढे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि सकाळी नवकारसीनंतरच पहिला घोट, हा नियम पाळणाऱ्याच्या पोटात तेरा-चौदा तास काहीच जात नाही. निरोगी माणसाला ते हितकर असेल, पण ज्याचे वजन महिन्यागणिक उतरते आहे आणि ज्याला एका जेवणाला तासभर लागतो, त्याच्यासाठी हे अंतर मोठे आहे. पहिला उपाय नियमाच्या आतच आहे. दिवसाची जेवणे लवकर सुरू करून अधिक सकस करावीत आणि सूर्यास्तापूर्वीचे शेवटचे खाणे सर्वांत भरीव ठेवावे. उपवास, आयंबिल, एकासणे यांचा आग्रह अशा रुग्णाने धरला, तर घरच्यांनी त्याच्याशी वाद घालत बसू नये. डॉक्टरांचे मत महाराजसाहेबांपुढे किंवा पंडितजींपुढे ठेवावे आणि त्यांच्याकडूनच मार्ग विचारावा. व्रतनियमांत आजारपणाचा विचार पूर्वीपासून झालेला आहे. एका शब्दाची परवानगी त्यांच्याकडून आली, की रुग्णाच्या मनावरचे ओझे उतरते. घरच्यांनी कितीही समजावले तरी ते उतरत नाही.

गिळणे फारच अवघड झाल्यास पोटात नळी बसवून अन्न देता येते. श्वासाची शक्ती फार घटण्यापूर्वी हा निर्णय घेतल्यास ती नळी बसवणे अधिक सुरक्षित असते. म्हणून त्याची चर्चा निकड निर्माण होण्याच्या आधीच करावी.

पैसा कोठे लावावा

निदानाची बातमी पसरली की सल्ले सुरू होतात. कोणी दूरच्या वैद्याचे नाव सांगतो, कोणी लाखो रुपयांच्या स्टेमसेल उपचाराची जाहिरात पाठवतो. सोबत उपचारापूर्वीची आणि नंतरची मेंदूची रंगीत चित्रेही असतात. व्यापाऱ्याने येथे आपली नेहमीची पारख वापरावी. पेट स्कॅनचा रंग साखरेच्या पातळीने, यंत्राच्या मांडणीने आणि रंग कसे निवडले यानेही बदलतो. दोन चित्रांतील रंगाचा फरक म्हणजे सुधारणा नव्हे. हात उचलला जातो का, श्वास किती टिकतो, वजन किती आहे, हाच खरा हिशेब. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठराविक विकारांसारखे मान्य उपयोग वगळता स्टेमसेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त संशोधन चाचणीतच करता येतो. अशा चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे मोल घेतले जात नाही. जेथे पैसे आधी मागतात आणि त्याला संशोधन म्हणतात, तेथून घरी परतावे.

जे सिद्ध आहे ते मोजके आहे. रिलुझोल हे औषध १९९५ पासून उपलब्ध आहे, ते आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. सुमारे दहा टक्के रुग्णांत आजार कुटुंबातून आलेला असतो. त्यांतील एसओडी१ या जनुकाच्या दोषावर २०२३ साली अमेरिकेत एक खास औषध मान्य झाले. रात्री मुखवट्याने श्वासाला आधार देणारे यंत्र योग्य रुग्णांत आयुष्यही वाढवते आणि झोपही सुधारते. सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंगणे, उताणे झोपता न येणे या त्याची गरज दाखवणाऱ्या खुणा आहेत. विकलेल्या जमिनीच्या पैशातून चमत्कार विकत घेण्यापेक्षा श्वासाचे यंत्र, वीज गेल्यावर ते चालू ठेवणारा इन्व्हर्टर, चाकांची खुर्ची, उंच-सखल करता येणारा पलंग आणि दिवसाचे काही तास मदतीला येणारा माणूस यांवर खर्च करावा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही वेळीच काढून ठेवावे.

सेवा करणारी व्यक्तीही या हिशेबात धरावी. बहुधा ती पत्नी असते, नाहीतर घरातली सून. तिची झोप आणि तिचे जेवण कोणी विचारत नाही. वैयावृत्त्याला आपल्याकडे तपाचे स्थान आहे. मग ते तप एकाच खांद्यावर का पडावे? भावांनी रात्री वाटून घ्याव्यात, मुलांनी दुपारच्या जेवणाचा तास घ्यावा.

प्रारंभी कल्पिलेल्या त्या बावड्याच्या दुकानाकडे पुन्हा एकदा वळावे. तेथील शेठजींना बरे करण्याचे सामर्थ्य आज कोणाकडे नाही. पण धनादेश परत आला त्याच महिन्यात त्यांना तज्ज्ञाकडे नेले असते, तर उपचारांना, कागदपत्रांना आणि आवाज साठवण्याला सहा महिने अधिक मिळाले असते. ताटातले तूप दुसऱ्याच दिवसापासून वाढले असते. चिडलेल्या शब्दाला उत्तर देण्याआधी भाऊ क्षणभर थांबला असता. हात बारीक होतो आहे, जीभ जड होते आहे, पाय अडखळतो आहे आणि दुखत मात्र नाही, असे कोणाच्या घरी असेल, तर त्या घराने दुखण्याची वाट पाहू नये. चालू महिन्यातच तपासणी करून घ्यावी.